आकडा दोनानं वाढतो

६ जानेवारी

मास्तरांनी सांगितलंय, रोज काय अडलं आणि ते कसं सुटलं ते लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. म्हणून लिहितेय. नाहीतर मला असली हौस नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर मी लिहिलीत ती फक्त मापं.

मास्तर म्हणजे लॅपटॉपमधला माणूस. तोंड दिसत नाही, नुसता आवाज आणि हलणारा बाण. वेबसाइट कशी बनवायची ते शिकवतो. आपल्याच भाषेत बोलतो म्हणून ऐकते त्याचं.

कशासाठी शिकतेय तेही लिहून ठेवते, म्हणजे मध्येच सोडलं तर वाचून माझी मलाच लाज वाटेल. आमचं कपडे आल्टर करायचं दुकान. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत मशीन, पलंग, शेगडी. पुढे हे बसायचे, मागे मी. हे गोड बोलायचे, मी शिवायचे. गेल्या वर्षी हे गेले. आता गिऱ्हाईक आलं की मलाच बोलावं लागतं, आणि मी बोलले की ते परत येत नाही.

शेजारच्या पार्लरवालीला आमच्या दोन्ही खोल्या भाड्यानं हव्यात. लेक म्हणते, देऊन टाक आई, माझ्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत सांगते म्हणाले दोघींना. तोवर वेबसाइटवरून कामं यायला लागली तर दुकान राहील. नाही आली तर पिशवी भरायची आणि लेकीच्या मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसायचं.

वेबसाइट कोणाला टाकून बोलत नाही. मला ते आवडलं.

अडलं: लॅपटॉप चालूच होईना. लेकीनं जुना पाठवलाय.
सुटलं: चार्जर भिंतीत लावला होता, बटण दाबलं नव्हतं.

९ जानेवारी

फ्रेमवर्क म्हणजे सांगाडा, असं मास्तर म्हणाले. आधीच उभा केलेला, आपण फक्त वरून चढवायचं. आणि तुकडे तुकडे करून बनवायचं. एक तुकडा एकदा नीट बनवला की हवा तिथे, हवा तितक्या वेळा लावता येतो. हे सांगायला त्याला अर्धा तास लागला. बाहीचा कागद एकदा कापून ठेवला की शंभर बाह्या निघतात, यात समजावण्यासारखं काय आहे?

पण मग सगळं पान पांढरं झालं. कोरं. लाल अक्षरात इंग्रजी शिव्या. एकेक अक्षर बघून इंटरनेटवर शोधायच्या जागी टाकलं, तेव्हा कळलं, एक कंस उघडला होता तो मिटलाच नव्हता. काज केलं आणि बटण विसरले. दुपार गेली.

मास्तर मध्येच खोकले. मी म्हटलं, पाणी प्या आधी. सवय.

१३ जानेवारी

आज पुढच्या खोलीत बाई आली. कोट घेऊन.

"हा जरा घट्ट झालाय हो, धुतल्यावर."

मी बघितला. शिवण जिथल्या तिथे. "कोट होता तेवढाच आहे. तुम्ही वाढलात."

"म्हणजे?"

"म्हणजे काखेत कापड सोडून ठेवलंय, तेवढं सोडवून देते. परवा या."

"राहू द्या," म्हणाली आणि कोट ओढूनच घेऊन गेली. आता खरं सांगितलं तर चुकलं काय? हे असते तर म्हणाले असते, "हल्ली कापडं फार आटतात हो ताई," आणि बाई हसत बसली असती खुर्चीवर अर्धा तास. कापड आटतं म्हणे. त्या कोटात आटणारा एक दोरा नव्हता.

म्हणून मी वेबसाइटवर नाव, कपडा, काय करायचं आणि कधी न्यायचं एवढेच रकाने ठेवणार. बडबडीला जागाच नाही.

१६ जानेवारी

अडलं: काहीही बदललं तरी पानावर दिसेना. मथळा बदलला, रंग बदलला, शेवटी चिडून मधलं सगळं पुसून टाकलं. पान आपलं तसंच, हसतंय माझ्याकडे बघून. मास्तरांना दोन शब्द ऐकवले.

सुटलं: चूक माझीच. जुनं सांभाळून ठेवायची सवय. नवीन कागद कापायच्या आधी मी जुन्याची नक्कल काढून ठेवते, तशी अख्ख्या फोल्डरची नक्कल काढली होती. चालू होतं एक, कापत होते दुसरं.

यांच्या मापांचा कागदही आहे अजून. उगाच जागा अडवतो. टाकायला हवा.

२० जानेवारी

आज एकच गोष्ट अडली पण डोकं फिरवलं. काळ्या खिडकीत हुकूम लिहिला की साइट चालू होते. आज म्हणे, ही जागा आधीच कोणीतरी घेतली आहे. तीन हजार नंबरची जागा. कोणी घेतली? घरात मी एकटी. लॅपटॉप माझा. पार्लरवालीला हाक मारून विचारलं, तू काही केलंस का?

"मावशी, मी तुमच्या खोल्या मागितल्यात, नंबर नाही मागितला," ती हसायला लागली. तिला सगळ्याचं हसू येतं. दिवसभर त्या केस वाळवायच्या भोंग्यात डोकं घालून असते, त्याचा परिणाम.

दुसरी काळी खिडकी मागे उघडीच राहिली होती. त्यात साइट चालूच होती. म्हणजे माझ्या जागेवर मीच बसले होते आणि मीच विचारत होते, कोण आहे.

२५ जानेवारी

झाली. चारही रकाने, वर दुकानाचं नाव, खाली वेळ. खालची ओळ जरा वाकडी आहे पण टाका कच्चा आहे, पक्का करताना बघू. पानाचा पत्ता वर लिहून येतो, लोकलहोस्ट आणि पुढे तो तीन हजार. तो लेकीला पाठवला. यांच्या फोनमध्ये जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर होते, त्यांनाही पाठवला. सगळ्यांना. यांच्या फोनवरून मेसेज आला म्हणून एकीनं घाबरून फोन केला. मी म्हटलं, घाबरू नका, मीच आहे. तर म्हणाली, "अच्छा, तुम्ही," आणि ठेवला.

लेकीचा फोन संध्याकाळी. ती नर्स आहे, ड्युटी संपली की करते.

"आई, ते उघडत नाहीये गं. नुसतं पोहोचता येत नाही म्हणतंय."

"तुझ्या हॉस्पिटलचं इंटरनेट भिकार आहे."

"मी घरी आहे."

"मग नीट बघ. माझ्याकडे लख्ख उघडतंय."

"बघते. जेवलीस का?"

"वेबसाइटचं विचारलं मी. जेवणाचं काय?"

बघायचं नसलं की उघडत नाही. मला माहीत आहे. तिला मी तिथे यायला हवीय, इथलं चालायला नकोय.

२९ जानेवारी

एकही काम नाही. कोपऱ्यावरचा वह्या-पेनंवाला भेटला, त्यानंही तेच. "काकू, उघडलं नाही हो." सगळ्यांनी ठरवून एकच सबब काढलीय.

मास्तरांनी आज नवीन शिकवलं. पान किती वेळा बघितलं गेलं ते मोजायचं. पान उघडलं की आकडा एकानं वाढतो, आणि लॅपटॉप बंद केला तरी लक्षात राहतो. लावला मी खाली, कोपऱ्यात. बघू तर किती जण खोटं बोलतात.

३१ जानेवारी

कोणीतरी येतंय.

मी काही खुळी नाही. मी स्वतः पान उघडलं की एक वाढणार, हे मला कळतं. पण एक वाढत नाही, दोन वाढतात. दर वेळी. एक माझा, मग दुसरा कोणाचा?

२ फेब्रुवारी

आज मुद्दाम वेळा बदलून बघितलं. सकाळी उठल्या उठल्या उघडलं, दोन. दुपारी दोन. बाजारातून आले, चपलाही काढल्या नाहीत, दोन. जो कोणी आहे तो मी उघडते तेव्हाच उघडतो. माझी वाट बघत बसल्यासारखा.

लेक नाही, ती ड्युटीवर होती. पार्लरवाली नाही, ती खिडकीतून दिसत होती, एकीच्या डोक्याला मेंदी थापत होती. अनोळखीच कोणीतरी आहे. काम देत नाही, नाव लिहीत नाही. येतो, बघतो, जातो. बोलत नाही ते एक बरं.

५ फेब्रुवारी

खालची वाकडी ओळ सरळ केली. रोज येणाऱ्या माणसाला वाकडं का दाखवायचं? निळा रंगही बदलला, फार भडक होता.

आकड्याच्या खाली एक ओळ लिहिली. "पुन्हा आलात, बरं वाटलं." मग वाटलं, हे असं मी कधी कोणाला म्हटलेलं नाही. पुसायला गेले. मग ठेवलं. कोण बघतंय? आणि जो बघतोय, त्याच्यासाठीच तर आहे.

८ फेब्रुवारी

आजची ओळ: "वारं सुटलंय. खिडकी लावून घ्या."

अडलं: काही नाही.

११ फेब्रुवारी

पार्लरवाली विचारायला आली. "मावशी, काय ठरतंय? मला खुर्च्या मागवायच्यात."

"महिना संपलाय का?"

"नाही, पण..."

"मग?"

तिनं पुढच्या खोलीत नजर फिरवली. यांची खुर्ची, काउंटरवरचा टेप, खडूची डबी, चष्म्याचं घर. "तुम्ही इथं बसतच नाही ना हल्ली? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बंदच आहे."

"कामाची खोली आहे ती," मी म्हटलं. "सामान आहे त्यात."

ती गेल्यावर पान उघडलं. दोन. त्याला लिहिलं: "लोकांना दुसऱ्याच्या खोल्यांची फार काळजी."

१५ फेब्रुवारी

लेकीशी भांडण. ती पुन्हा म्हणाली, उघडत नाही, पत्ता चुकलाय का बघ. मी म्हटलं, तुझ्याशिवाय लोक रोज बघतात, आकडा आहे माझ्याकडे. ती म्हणाली, कोण लोक? मी म्हटलं, आहेत. तर म्हणाली, "आई, तू दिवसभर कोणाशी बोलतेस गं?"

"तुझ्याशी बोलतेय ना आत्ता, तेच पुरे झालं," म्हटलं आणि ठेवला.

आजची ओळ मोठी झाली. "तुम्ही कोण आहात माहीत नाही. बोललं नाही तरी चालतं, मलाही फार बोललेलं सोसत नाही. पण मी उघडलं आणि तुम्ही नसलात असं झालं नाही अजून. घाई नसेल तर थांबा जरा." दोनदा वाचली. टाके नीट पडलेत. राहू दिली.

१८ फेब्रुवारी

शेवटून दुसरा धडा. मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच. मी बटण लावत लावत ऐकत होते.

म्हणाले, "तुमच्यापैकी काहींचा आकडा एकाऐवजी दोनानं वाढत असेल. घाबरू नका. आपण शिकतोय, बनवतोय, तोवर हे फ्रेमवर्क प्रत्येक गोष्ट मुद्दाम दोनदा चालवून बघतं. काही चुकत असेल तर ते लगेच दिसावं म्हणून. दोन्ही वेळा तुम्हीच असता."

थांबवून पुन्हा ऐकलं. तेच म्हणाले.

पुढे म्हणाले, "आणि लक्षात ठेवा, साइट अजून फक्त तुमच्याच संगणकावर आहे. लोकलहोस्ट म्हणजे 'इथलंच'. हा पत्ता दुसऱ्या कोणाला दिलात तर त्याचा संगणक ती साइट स्वतःच्याच घरात शोधतो, आणि तिथे ती नसते."

सुई बोटात गेली. लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

१९ फेब्रुवारी

काही अडलं नाही. काही केलंच नाही.

२२ फेब्रुवारी

पार्लरवालीला सांगायला गेले, घे दोन्ही खोल्या. काय उगाच ताणायचं. तिच्याकडे कोणी नव्हतं. ती म्हणाली, "बसा मावशी, हे काय करून ठेवलंय केसांचं?" मी म्हटलं, मी दुसऱ्या कामाला आलेय. तिनं ऐकलंच नाही. खुर्ची मागे वाकवली आणि कोमट पाणी सोडलं डोक्यावर. दोन्ही हातांनी चोळत होती, सावकाश, आणि तिच्या बहिणीच्या सासूचं काहीतरी सांगत होती, ते काही मी ऐकलं नाही.

वर्षभरात डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. हे आपलं नोंद म्हणून.

डोळ्यांतून पाणी आलं. साबण झोंबतो तिचा, चांगला वापरत नाही.

"काय काम होतं?" तिनं पुसता पुसता विचारलं.

"विसरले," मी म्हटलं.

२४ फेब्रुवारी

शेवटचा धडा राहिलाय तो अर्धवट टिपेसारखा टोचत होता. अर्धी टीप मला बघवत नाही, दुकान जाणार असलं तरी. केला. साइट बाहेर लावायची.

अडलं: तीन ठिकाणी. एकदा फाइलचं नाव मोठ्या अक्षरानं, एकदा परवलीचा शब्द विसरले, एकदा काय झालं ते मलाही कळलं नाही, पण पुन्हा केल्यावर झालं.

सुटलं: नवीन पत्ता मिळाला, हा लांबलचक. तो उघडला. सगळं तसंच. खाली आकडा. एक.

पुन्हा उघडलं. आणखी एक. मास्तर म्हणाले होते तसंच. आता मी म्हणजे मीच.

बराच वेळ तशीच बसले. मशीनवर बसायचं स्टूल, पाठीला टेकायला काही नाही त्याला.

मग लेकीला फोन केला. पहिल्यांदा मीच केला, त्यामुळे ती घाबरली. "काय झालं? पडलीस का?"

"पडत नाही मी. आता उघड. हा पत्ता बरोबर आहे. आधीचा फक्त माझ्याकडेच उघडत होता. तू खोटं बोलत नव्हतीस."

"बरं," ती म्हणाली. "थांब, ठेवू नको फोन." मग, "आई! उघडलं! अगं, छान दिसतंय. हे तू केलंस?"

"मग काय पार्लरवालीनं?"

ती मोठ्यानं वाचत खाली गेली. दुकानाचं नाव, वेळ, रकाने. "आणि हे खाली काय लिहिलंयस? तुम्ही कोण आहात माहीत नाही. बोललं नाही तरी चालतं, मलाही..."

तेव्हा आठवलं. ती ओळ पुसायची राहिली होती.

ती वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, "ते कच्चं आहे, काढायचंय." उत्तर नाही. "ऐकू येतंय का?" नाही. आमच्याकडचं नेटवर्क संध्याकाळी असंच जातं. ठेवणार तेवढ्यात नाक ओढल्याचा आवाज आला.

"सर्दी झालीय का तुला?"

"हो," ती म्हणाली. "काढू नकोस ते, आई. राहू दे."

हॉस्पिटलात राहून सर्दी. दुसऱ्यांना औषधं देते आणि स्वतः घेत नाही.

२५ फेब्रुवारी

सकाळी पहिलं काम आलं वेबसाइटवर. चारही रकाने भरलेले.

नाव, लेकीचं. कपडा, पांढरा कोट. काय करायचं, "बाही बघ जरा." कधी न्यायचं, "रविवारी घेऊन येते. दोन दिवस राहीन. घाई नाही."

२८ फेब्रुवारी

पार्लरवालीला बोलावलं. म्हटलं, पुढची खोली घे. मागची देणार नाही, मी कुठे जात नाही. तिच्या पार्लरच्या आणि पुढच्या खोलीच्या मधली भिंत फोडायची परवानगी दिली. माझ्या खोलीचं दार तिच्या बाजूनं राहील, म्हणजे कपडे घेऊन येणाऱ्याला तिच्या खुर्च्यांमधून यावं लागेल.

"म्हणजे तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडे बसणार?" ती म्हणाली.

"तुझं तोंड दिवसभर चालूच असतं, तू त्यांना सांभाळ. मी आत शिवते. आणि मी कोणाला टाकून बोलले तर तू सांग त्यांना, कापड आटतं म्हणून."

तिला अर्थातच हसू आलं.

पुढचं सामान आवरलं. खडू आणि टेप माझ्याकडे घेतला. चष्म्याचं घर पेटीत. यांची खुर्ची ती म्हणाली मला द्या, चांगली आहे, पाठ मोठी आहे. दिली नाही. उचलून मागे आणली, मशीनच्या शेजारी ठेवली. जागा अडते, पण कोणी आलं तर बसायला हवं काहीतरी. नवीन पत्ता परवा सगळ्यांना पाठवला, तर अजून दोन कामं आलीत, एक पडद्यांचं आणि एक पँटच्या चेनचं. वह्या-पेनंवाल्याचं आहे चेनचं.

अडलं: लेकीचा पांढरा कोट गेल्या वर्षी मीच शिवलाय. दुहेरी टीप आहे, बाहीला काही म्हणजे काही होणं शक्य नाही. काय बिघडलंय ते कळत नाही.

सुटलं: रविवारी ती येईल तेव्हा बघू.